चेस्टर हाइम्स : परभूमीवरील हार्लेम

चेस्टर हाइम्स या अमेरिकी कृष्णवर्णीय कादंबरीकाराला १९५८ साली फ्रान्समधील रहस्यकथेचा मानाचा पुरस्कार लाभला, तो त्याच्या इंग्रजी संहितेला नव्हे, तिच्या फ्रेंच भाषांतराला. स्वभाषेत उपेक्षित राहिलेल्या लेखकाला परभाषेने प्रथम वाचक द्यावा आणि पुढे स्वदेशानेही त्याला तिकडूनच परत घ्यावे, हा प्रकार वाङ्मयेतिहासात विरळाच म्हटला पाहिजे.

हाइम्सचा जन्म १९०९ सालचा, मिझुरी राज्यातील. वडील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतून हस्तव्यवसाय शिकवीत. शाळेतील रसायनप्रयोगात थोरल्या भावाच्या डोळ्यांना इजा झाली, तेव्हा गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्याला दारातूनच परत पाठविले. भावाची दृष्टी गेली. पुढे विद्यापीठातून निष्कासन, जुगार आणि १९२८ मध्ये सशस्त्र दरोड्यासाठी वीस ते पंचवीस वर्षांची शिक्षा. ओहायोच्या ज्या तुरुंगात तो होता तेथे १९३० साली आग लागून तीनशेहून अधिक कैदी कोठड्यांत मेले. त्या आगीवरील त्याची कथा १९३४ मध्ये ‘एस्क्वायर’ने छापली. १९३६ साली तो सुटला.

‘इफ ही हॉलर्स लेट हिम गो’ (१९४५) आणि ‘लोनली क्रूसेड’ (१९४७) या त्याच्या आरंभीच्या कादंबऱ्या वर्णद्वेषाचा थेट प्रतिवाद करतात. पहिलीतील भीतीचे चित्रण अस्सल आहे; दुसरीत मात्र पात्रे वारंवार व्याख्याने देऊ लागतात आणि कादंबरीचा श्वास कोंडतो. अमेरिकेत निराश होऊन १९५३ साली त्याने युरोपची वाट धरली. रिचर्ड राइट आणि जेम्स बाल्डविन त्याच्याआधीच पॅरिसला पोहोचले होते.

तेथे त्याच्या वाङ्मयीन जीवनाला वळण लावले ते एका भाषांतरकाराने. मार्सेल द्युआमेल हा त्याच्या पहिल्या कादंबरीचा अनुवादक आणि गालिमार प्रकाशनाच्या ‘सेरी न्वार’ या रहस्यकथामालेचा संपादक. पात्रांचे मनोव्यापार सांगत बसू नकोस, ती काय करतात तेवढे दाखव, असा त्याचा सल्ला होता. व्याख्यानाची खोड असलेल्या लेखकाला याहून हितकर पथ्य कोणते असणार? पैशाच्या निकडीपोटी हाइम्सने ते पाळले आणि ग्रेव्ह डिगर जोन्स व कॉफिन एड जॉन्सन हे दोन कृष्णवर्णीय गुप्त पोलीस जन्मास आले.

रूढ रहस्यकथेत गुन्हा हा सुव्यवस्थेतील तात्पुरता बिघाड असतो. हाइम्सच्या हार्लेममध्ये व्यवस्थाच गुन्ह्याची जननी आहे आणि तिचे रक्षण करण्याचे काम तिनेच नाडलेल्या दोघांकडे आहे. ‘कॉटन कम्स टू हार्लेम’ (१९६५) मध्ये आफ्रिकेला परत नेण्याच्या आमिषाने एक भोंदू धर्मोपदेशक सत्त्याऐंशी गरीब कुटुंबांकडून प्रत्येकी हजार डॉलर उकळतो. ती रक्कम कापसाच्या एका गठ्ठ्यात दडविली जाते. ज्या कापसापायी पूर्वजांनी गुलामी भोगली, त्याच्याच मागे सारे हार्लेम धावते! हे हास्य विनोदापेक्षा बीभत्साच्या जवळचे आहे. पैसे अखेर एका भंगार गोळा करणाऱ्या वृद्धाच्या हाती लागतात आणि आफ्रिकेला खरोखर पोहोचतो तो एकटाच. दोष दाखवायचाच, तर त्याच्या स्त्रीपात्रांना देहापलीकडे अस्तित्व क्वचितच लाभते.

मराठीत रहस्यकथेचे पीठ बाबुराव अर्नाळकरांचे. हजाराहून अधिक पुस्तके लिहून त्यांनी मोठा वाचकवर्ग घडविला, तरी समीक्षेने त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवले. उलट बाबुराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मध्ये वस्तीतील हिंसेला गंभीर कथेत आणले. १९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून नाव घेतले. कृष्णवर्णीयांच्या कवितेशी व आत्मकथनाशीही आपले नाते जुळले. त्यांच्या रहस्यकथेकडे मात्र आपण पाहिले नाही. झुंजारचे साहस आणि बागुलांची वस्ती यांना एकत्र आणणारी कादंबरी मराठीत रुजली नाही, याचे एक कारण समीक्षेच्या या सोवळ्यात शोधावे लागेल.

हाइम्स मराठीत आणू पाहणाऱ्याची खरी परीक्षा बोलीशी आहे. अर्नाळकरांची सुबोध, सर्वांना सारखी पेलणारी मराठी येथे अपुरी पडेल आणि नुसती शिवराळ भाषाही कामास येणार नाही. कारण त्याची पात्रे गोऱ्या अधिकाऱ्यापुढे एक इंग्रजी बोलतात आणि आपसात दुसरी. या दोन बोलींतील अंतरातच कथेचे पुष्कळसे रहस्य असते.

‘ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल’ (१९६९) मध्ये तर रहस्य उलगडतच नाही. शेवटी ते दोघे नामांकित पोलीस पाडल्या जाणाऱ्या इमारतींतून पळणारे उंदीर टिपत उभे असतात. त्याच वर्षी हाइम्स स्पेनला स्थायिक झाला आणि १९८४ मध्ये तेथेच वारला.