मे महिन्याची पुस्तकं कोण लिहिणार?

मराठी प्रकाशनाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा, विनोद, व्यंगचित्रं, गूढकथा सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तोंडावर छापून तयार होतं. वाचकाला खरी सवड मिळते ती मात्र मे महिन्यात. परीक्षा आटोपलेल्या असतात, शाळा बंद असतात, आजोळी माणसं जमलेली असतात आणि दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडण्याची सोय नसते. इंग्रजी प्रकाशक उन्हाळ्यासाठी म्हणून हलकीफुलकी पुस्तकं मुद्दाम बाजारात आणतात. मराठीत असा हंगाम कुणी ठरवला नाही. तो वाचकांनीच वाचनालयांच्या आधाराने स्वतःपुरता उभा केला. खाकी कव्हर घातलेली, शिवण उसवलेली, शेवटची चार पानं गायब असलेली पुस्तकं सकाळी आणायची, संध्याकाळी बदलायची. गो. ना. दातारांची 'इंद्रभुवनगुहा' आणि 'कालिकामूर्ती', ताम्हनकरांचा 'गोट्या', चिं. वि. जोशींचे चिमणराव, अर्नाळकरांचा झुंजार, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, सुहास शिरवळकर असं सगळं या सुट्टीत वाचलं गेलं. मराठी वाचनाचा हा मोठा भाग आहे. समीक्षेत तो जवळजवळ दिसत नाही.

या पुस्तकांबद्दल एक समज पक्का बसलेला आहे. चिंता विसरायला लावणारं, घटकाभर करमणूक करणारं आणि म्हणून कमी प्रतीचं लेखन, असा तो समज. माझं मत वेगळं आहे. चांगलं हलकंफुलकं पुस्तक चिंता विसरायला लावत नाही. ते वाचकाला दुसऱ्या चिंता देतं, पण त्यांना हद्द असते. त्या दीडशे पानांत सुरू होतात आणि दीडशे पानांत संपतात. आजारपण, नोकरीची धास्ती, कर्जाचे हप्ते यांना शेवटचं पान नसतं, आणि माणूस थकतो तो त्यामुळेच. अशा माणसाला शेवट असलेलं संकट हातात मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती साधायला कसब लागतं.

हे कसब कुठे शिकावं तर चिं. वि. जोशींकडे. 'एरंडाचे गुऱ्हाळ' आलं १९३२ साली आणि 'चिमणरावांचे चऱ्हाट' त्याच्या पुढच्या वर्षी. ही जागतिक मंदीची आणि सविनय कायदेभंगाची वर्षं. शिकलेल्या तरुणांना नोकऱ्या नव्हत्या आणि पुण्यातल्या पांढरपेशा घरात महिन्याची दोन टोकं जुळत नव्हती. चिमणराव याच वर्गातला कारकून आहे. काऊ, मोरू, मैना, राघू असा संसार, आला-गेला पाहुणा आणि मदतीला सोटा घेऊन धावणारा मावसभाऊ गुंड्याभाऊ. त्या घरातली प्रत्येक गंमत पैशाच्या, इभ्रतीच्या किंवा जागेच्या टंचाईतून निघते. काळाचा ताण या कथांबाहेर ठेवलेला नाही. तो एका बिऱ्हाडात मावेल एवढा करून आत घेतला आहे. चिमणराव स्पष्टवक्तेपणाचा प्रयोग करायला निघतो तेव्हा काय होणार हे वाचकाला पहिल्या परिच्छेदातच कळतं, तरी आपण वाचत राहतो. निवेदक स्वतः चिमणराव आहे आणि तो हसवण्यासाठी एकही वाक्य बोलत नाही. तो पूर्ण गांभीर्याने आपली कैफियत मांडतो. शिवाय या जगात कुणाला कायमची इजा होणार नाही, ही हमी चिं. वि. पहिल्या पानापासून देतात.

चिं. वि. बडोद्याचे, पालीचे अभ्यासक. जातकातल्या निवडक गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या होत्या. त्यांच्या विनोदाचं मूळ शोधताना बहुतेक जण श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांकडे जातात आणि ते बरोबरही आहे. मला मात्र जातककथांचा वाटाही मोठा वाटतो. साधा माणूस, एक छोटी चूक, तिची वाढत जाणारी साखळी आणि अखेरीस सगळं पूर्ववत, ही बांधणी त्यांनी तिथून आत्मसात केली असावी. कोल्हटकरी शब्दांची कसरत त्यांच्याकडे फारशी नाही. भाषा घरातली आहे, म्हणून नव्वद वर्षांनीही ती अडत नाही.

बाबूराव अर्नाळकरांचा मार्ग अगदी वेगळा. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव, आणि हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. झुंजार आणि विजया, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावं आजही साठी-सत्तरीतल्या वाचकांच्या तोंडी आहेत. अर्नाळकरांचं वाक्य घाईचं असतं. वर्णन एक-दोन ओळींत उरकतं, संवाद झपझप पुढे जातात आणि लागोपाठ दहा पुस्तकं वाचली की कोणता खजिना कुठल्या पुस्तकातला हे आठवत नाही. ही उणीव खरी आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. पण थकलेल्या वाचकाला याच सारखेपणाचा आधार वाटत होता. झुंजार संकटात पडणार आणि सुटणार, हा करार ठरलेला. शिवाय हे वाक्य अडखळत वाचणाऱ्यालाही झेपणारं होतं. कामगार, दुकानातला नोकर, शाळा सुटलेला मुलगा यांना पुस्तक आपलं वाटायला लावणारा लेखक म्हणून अर्नाळकरांचं नाव पहिल्या रांगेत घ्यायला हवं. फडके आणि खांडेकरांच्या नावाने कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद वर्षानुवर्षं रंगला, पण त्यात या वाचकाला कुणी विचारलं नाही. दमून घरी आलेल्या माणसासाठी कला असा तिसरा पक्ष तिथे मांडलाच गेला नाही.

पुढची पिढी याच पायवाटेने गेली. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्याही हजाराच्या पुढे गेल्या. नारायण धारपांनी भयकथेला मराठी वाडा, मराठी माजघर मिळवून दिलं. त्यांची पाश्चात्त्य कथांवरून बेतलेली पुस्तकंही इथल्या मातीतली वाटतात, ती घराच्या तपशिलांमुळे. शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, अमर विश्वास असे चार वेगळ्या चालीचे नायक चालवले. काळ आठवून पाहा. १९७२चा दुष्काळ, मे १९७४चा रेल्वे संप, आणीबाणी, जानेवारी १९८२ पासून मुंबईतला गिरणी संप. शिरवळकरांची 'दुनियादारी' त्याच १९८२ मधली. कट्ट्यावरच्या मैत्रीची ही कादंबरी पुण्यातल्या कॉलेजची असली, तरी नोकरीची शाश्वती संपत चाललेल्या पिढीने ती उराशी धरली. २०१३ साली तिच्यावर चित्रपट आला आणि तिशी उलटलेलं पुस्तक पुन्हा कॉलेजच्या मुलांच्या हातात दिसू लागलं.

दुपारच्या वाचनात स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर यांच्या कादंबऱ्यांना वाचनालयात नंबर लावावे लागत. चंद्रकांत काकोडकरांच्या प्रेमकथा लपवून वाचल्या जात. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातली त्यांची 'श्यामा' अश्लील ठरवून खटला भरला गेला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १९६९ साली न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. करमणुकीच्या कथेकडे समाज किती संशयाने पाहत होता, हे यावरून दिसतं. मात्र हे सगळं आज जसंच्या तसं वाचवत नाही. त्या काळातल्या पुष्कळ कौटुंबिक कादंबऱ्यांत वाचकाचं समाधान नायिकेच्या सोसण्यावर उभं असतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या दिवाळी अंकांतला विनोद तर त्याहून लवकर शिळा झाला. बायको, सासू, लठ्ठपणा, तोतरेपणा यांवर पोसलेले ते विनोद आता दुखावतात. दुसऱ्याला खाली पाडून मिळवलेला हलकेपणा टिकत नाही. याउलट द. मा. मिरासदारांची 'भुताचा जन्म' किंवा 'व्यंकूची शिकवणी' वाचा. गावातल्या माणसांची भीती, बढाई, आळस यांवर मिरासदार हसतात, पण त्यांच्या शेजारी बसून.

अलीकडची मोठी कसोटी २०२०च्या उन्हाळ्याने घेतली. मार्चअखेर सगळं बंद झालं. वाचनालयांना कुलपं लागली, मुंबई-पुण्यात काही दिवस वर्तमानपत्रही घरी येईना. एप्रिल-मे महिन्यात माणसं काय शोधत होती? घरातलं जुनं पु. ल., फोनवर फिरणारी कथाकथनं, भूतकथांची ध्वनिमुद्रणं. श्राव्य पुस्तकांचं स्टोरीटेल भारतात २०१७ साली आलं होतं. त्यावर शिरवळकर, धारप हे जुने लेखक नव्या पिढीच्या कानात शिरले. गूढकथेचे मोठे लेखक रत्नाकर मतकरी त्याच मे महिन्यात कोरोनाने गेले आणि त्यांच्या कथा पुन्हा ऐकल्या गेल्या. या सगळ्यात खटकणारी बाब ही की संकटाच्या वेळी मराठी वाचकाने हात पुढे केला, तेव्हा हाताला लागलेली बहुतेक पुस्तकं तीस ते नव्वद वर्षं जुनी होती.

आज अशी पुस्तकं कोण लिहितं? मंगला गोडबोले, मुकुंद टाकसाळे यांनी विनोदाची घरगुती, शहाणी वाट चालू ठेवली. हृषीकेश गुप्ते यांनी भयकथेला धारप-मतकरींच्या पुढे नेलं, जरी 'दंशकाल'सारखी त्यांची कादंबरी सुट्टीतलं पुस्तक म्हणून वाचणं तिच्यावर अन्याय होईल. मुलांच्या बाजूला चित्र बरं आहे. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आहे, माधुरी पुरंदरेंची सुंदर पुस्तकं आहेत, 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक घरबसल्या वाचता येतात. मोठ्यांसाठीची, नेटकी बांधलेली, दोन बैठकांत संपणारी मराठी कादंबरी मात्र जवळजवळ नाहीशी झाली आहे.

एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर त्याची खूण दिसते. जिथे झुंजार आणि दारा बुलंद टांगलेले असत, तिथे आता श्रीमंत कसे व्हावे, ताणमुक्त कसे जगावे, सकाळी किती वाजता उठावे अशी भाषांतरित पुस्तकं असतात. दमलेल्या माणसाला कथेऐवजी सल्ला विकला जातो. हा सल्ला त्याच्या डोक्यावर आणखी एक काम टाकतो, हे मला मनापासून बोचतं.

लिहिणारे संपले, असं मला वाटत नाही. विनोदाची जाण असलेले तरुण लेखक आज दूरचित्रवाणीवर आहेत. 'चला हवा येऊ द्या', 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांतली चांगली प्रहसनं बघताना त्यातला कारकून, वॉचमन, सोसायटीचा सेक्रेटरी थेट चिमणरावाच्या कुळातला वाटतो. या लेखकांना आठवड्याला नवं लिहावं लागतं आणि त्याचा मोबदला मिळतो. जुन्या लेखकांनाही हीच शिस्त होती, ती मासिकांनी आणि महिन्याला पुस्तक मागणाऱ्या प्रकाशकांनी लावलेली. भागवतांनी स्वतः 'बालमित्र' चालवलं. अंतरकरांच्या 'नवल' आणि 'मोहिनी'ने अद्भुतकथेला आणि विनोदाला घर दिलं. हलकं लिहिणं सरावाने येतं आणि वर्षातून एका दिवाळी अंकाच्या भरवशावर तो सराव होत नाही. मासिकं आटली, तिथे ही तालीम बंद पडली. प्रकाशकांचा ओढा चारशे पानी चरित्रात्मक कादंबरीकडे राहिला. पातळ पुस्तकातून नफा सुटत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण श्राव्य पुस्तकाला कागद लागत नाही, आणि तिथे नवीन मालिका लिहून घेण्याचा प्रयोग सुरू झाला आहे. त्यातल्या बऱ्याच मालिका अजून ओढूनताणून लांबवलेल्या वाटतात. दर प्रकरणाच्या शेवटी धक्का हवा म्हणून माणसं उभीच राहत नाहीत. संपादनाची गरज तिथे सर्वांत जास्त आहे.

पाचगणीजवळच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव सुरू झालं. स्ट्रॉबेरीच्या गावात घरोघरी वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं मांडली आणि उन्हाळ्यात महाबळेश्वरला निघालेली कुटुंबं वाट वाकडी करून तिथे थांबू लागली. म्हणजे सुट्टीतला वाचक आहे, त्याच्यासाठी जागाही आहे. वाकडच्या किंवा कळव्याच्या दोन खोल्यांत घराचा हप्ता भरणारा, सोसायटीच्या ग्रुपवर रोज भांडण मिटवणारा, गावाकडच्या आईबापांच्या औषधांचा हिशेब ठेवणारा आजचा चिमणराव कुणीतरी दोनशे पानांच्या आत लिहावा. आणि प्रकाशकाने तो दिवाळीपर्यंत अडवून न ठेवता एप्रिलच्या अखेरीस छापावा.