स्थळाच्या सीमा आणि स्थळाचे संबंध

अवकाश म्हणजे घटनांना सामावून घेणारे रिकामे पात्र, या धारणेला आंरी लफेव्र यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवकाशाच्या उत्पादनावरील फ्रेंच ग्रंथात छेद दिला. प्रत्येक समाज आपला अवकाश उत्पादित करतो आणि म्हणूनच सत्तासंबंध त्यात अनुस्यूत असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मानवतावादी भूगोलाची वाट निराळी होती. यी-फू त्वान यांच्या १९७७ मधील ग्रंथात अवकाशाचे नाते गतीशी व स्वातंत्र्याशी, तर स्थळाचे नाते विरामाशी व सुरक्षिततेशी जोडलेले आहे. परिचयाने आणि मूल्यभावाने अवकाशाचे स्थळ होते. या मांडणीमुळे नकाशावरील बिंदूला जगण्याचा अर्थ लाभला, हे निर्विवाद. परंतु विराम हेच स्थळाचे लक्षण मानले, की बाहेरून येणारा माणूस त्या विरामाचा भंग करणारा ठरू लागतो.

डोरीन मॅसी यांचा १९९१ मधील निबंध या अडचणीला थेट भिडतो. वायव्य लंडनमधील किलबर्न हाय रोड हे त्यांचे उदाहरण. आयरिश वृत्तपत्रे, साड्यांचे दुकान, हिंदी चित्रतारकांच्या कार्यक्रमाची जाहिरात, हे सारे त्या एकाच रस्त्यावर आढळते. त्यावरून मॅसी असा निष्कर्ष काढतात, की स्थळाचे वेगळेपण त्याच्या सीमेतून येत नाही. दूरवर पसरलेल्या संबंधांच्या विशिष्ट गुंफणीतून ते घडते. डेव्हिड हार्वे यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या काळ-अवकाशाच्या संकोचनालाही त्या एक प्रश्न विचारतात: हा संकोच नेमका कोणाच्या वाट्याला येतो? गती ज्यांच्या हाती असते आणि गती ज्यांच्यावर लादली जाते, ते दोन्ही वर्ग एक नव्हेत.

तरीही एक पेच उरतो. विस्थापनाला तोंड देणाऱ्या वस्तीला ‘ही जागा आमची’ असे म्हणावेच लागते. तिच्या दृष्टीने सीमा हे प्रतिकाराचे साधन असते. स्थळ कसे घडते याचे उत्तर मॅसी देतात; त्यावर हक्क कोणाचा, याचे उत्तर त्यातून आपोआप निघत नाही. मात्र तो हक्क केवळ मूळच्या रहिवासावर उभा राहू शकत नाही, एवढे त्या निश्चित दाखवून देतात. प्रदेशाला स्वयंपूर्ण मानून प्रादेशिक साहित्याचा विचार करणाऱ्या समीक्षेनेही याची दखल घ्यावयास हवी.