'वैमानिकशास्त्रा'तील विमाने : एक भाषिक परीक्षण

'बृहद्विमानशास्त्र' अथवा 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाविषयी बोलणारांचे दोन पक्ष आहेत. एका पक्षाला तो महर्षी भरद्वाजांचा शब्द वाटतो, दुसऱ्याला तो केवळ थट्टेचा विषय वाटतो. आणि दोन्ही पक्षांचे काम ग्रंथ न उघडताही भागते. जानेवारी २०१५मध्ये मुंबई येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हाही वाद झाला तो देशाभिमानाचा. ग्रंथाच्या भाषेकडे फारसे कोणी वळले नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा हा असल्याने त्याच बाजूने हे परीक्षण करीत आहे.

ग्रंथाचा ज्ञात इतिहास अलीकडचा आहे. बंगळूरजवळील आनेकलचे पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तो तोंडाने सांगितला आणि जी. वेंकटाचल शर्मा यांनी तो वह्यांत उतरून घेतला. शास्त्रीबोवांच्या देखरेखीखाली आकृत्या काढल्या त्या एल्लप्पा नावाच्या आरेखकाने. १९५९मध्ये स्वामी ब्रह्ममुनी यांची हिंदी आवृत्ती निघाली आणि १९७३मध्ये म्हैसूरहून जी. आर. जोस्यर यांची इंग्रजी भाषांतरासह. पुढच्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी ग्रंथाची छाननी केली. अनुष्टुभातील सोपे, अर्वाचीन वळणाचे संस्कृत, वैदिक भाषेच्या खुणांचा अभाव आणि पोथीची मिळू शकणारी पूर्वपीठिका यांवरून ग्रंथ १९०४च्या मागे नेता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याला समर्पक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. १८९५मध्ये चौपाटीवर विमान उडविल्याची आख्यायिका ज्यांच्या नावे सांगतात, त्या शिवकर बापूजी तळपदे यांचेही १९१८पूर्वीच निधन झाले होते. तेव्हा आज छापील स्वरूपात असलेला ग्रंथ त्यांच्या हाती असणे शक्य नव्हते, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे.

खरी मौज 'विमान' या शब्दापाशी आहे. ग्रंथाच्या आरंभीच विमानाचे लक्षण दिले आहे ते वेगात पक्ष्यांशी साम्य असणे हे. येथे 'वि' म्हणजे पक्षी आणि 'मान' म्हणजे तुलना, असा विग्रह अभिप्रेत दिसतो. 'वि' या शब्दाचा पक्षी हा अर्थ संस्कृतात आहे, हे खरे. परंतु 'विमान' हा शब्द 'वि' उपसर्ग आणि 'मा' (मोजणे) हा धातू यांपासून आला आहे. ऋग्वेदात त्याचा अर्थ अवकाश मोजणारा, आक्रमून जाणारा असा आहे. पुढे तो बहुमजली प्रासादाला लागला, देवांच्या आकाशगामी प्रासादाला लागला, आणि दक्षिणेत गर्भगृहावरील शिखराला लागला तो आजतागायत. उडणाऱ्या यंत्राला हे नाव आपण विसाव्या शतकात दिले. शब्द जुना म्हणून वस्तूही जुनी, हे अनुमान मान्य केले तर कंसाला आकाशवाणी ऐकू आली त्या अर्थी मथुरेत नभोवाणी केंद्र होते, असे म्हणावे लागेल! 'आकाशवाणी' हे नाव म्हैसूरच्या केंद्राने १९३५मध्ये पुराणांतून उचलले, हे आपणांस ठाऊक आहे म्हणून तेथे घोटाळा होत नाही. 'विमाना'चे नामकरण मात्र आपण विसरलो. गंमत अशी की, रुक्म आणि सुंदर या विमानांच्या आकृत्या पाहिल्या म्हणजे पक्ष्याची आठवण होत नाही, मंदिराच्या शिखराची होते. व्युत्पत्तीने नाकारलेला अर्थ आरेखकाच्या लेखणीतून परत आला आहे.

आकृती विचित्र आहे एवढ्यावरून मात्र ती टाकाऊ ठरत नाही. कॅनडातील ॲव्हरो कंपनीने अमेरिकी सैन्यदलांसाठी बांधलेले 'ॲव्हरोकार' हे सुमारे अठरा फूट व्यासाच्या थाळीसारखे होते. मध्यभागी मोठा पंखा, त्याला फिरविणारी तीन जेट इंजिने, आणि हवा कडेने खाली सोडून उचल मिळवावी, मग तीच मागे वळवून पुढे जावे, ही जॉन फ्रॉस्ट यांची कल्पना. १९५९मध्ये ते जमिनीवरून उठले. पण तीन फुटांच्या आसपास उंची गाठली की डगमगू लागे. १९६१च्या अखेरीस प्रयोग थांबविला गेला. ही कल्पना फसली. पण कोठे फसली, किती उंचीवर फसली, हे सांगता येते. उलट शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चार विमानांचे संहितेतील वर्णन आणि त्यांच्या आकृत्या यांचाच मेळ बसत नाही, असे बंगळूरच्या संशोधकांना आढळले. वरून हवा ओढून उभ्या नळ्यांतून खाली सोडणाऱ्या रुक्म विमानात त्यांना काही अर्थ दिसला, आणि तो त्यांनी पूर्वग्रह न ठेवता नमूदही केला. बाकीच्यांच्या अंगी उडण्याचा गुण त्यांना दिसला नाही.

याचे कारण ग्रंथाच्या शब्दरचनेतच आहे, असे आमचे मत आहे. वैमानिकाला अवगत असावीत अशी बत्तीस रहस्ये ग्रंथ सांगतो. अदृश्य, रूपाकर्षण, परशब्दग्राहक ही त्यांतील काही नावे. समास निर्दोष आहेत. पण ते फळ सांगतात, साधन सांगत नाहीत. शत्रूच्या विमानातील बोलणे ऐकावे ही इच्छा 'परशब्दग्राहक' या पदात पूर्ण उतरली आहे, आणि नाव सिद्ध होताच यंत्रही सिद्ध झाले असे वाचकाला वाटू लागते. सोम, सौंडाल व मौर्त्विक या तीन लोहांच्या मिश्रणातून सोळा उष्णताशोषक लोहे होतात, असे सांगितले आहे. परंतु ही मूळ तीन लोहे म्हणजे कोणती, हे ओळखण्याची खूण नाही. संख्या नेमकी आणि पदार्थ अज्ञात, ही तऱ्हा पानोपानी भेटते. शास्त्रीबोवांवर लबाडीचा आरोप करण्याचे कारण दिसत नाही. ज्या परंपरेत ते वाढले तीत नामसंकीर्तनालाच सामर्थ्य असते. फक्त ते सामर्थ्य धातुकामाच्या उपयोगाचे नाही.

संस्कृतात यंत्रांविषयी प्रामाणिक लेखन नाही, असेही नव्हे. अकराव्या शतकातील भोजाच्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक अध्याय आहे. हलक्या लाकडाचा मोठा पक्षी आणि त्याच्या पोटात अग्नीने तापविलेला पारा, अशी कल्पना तेथे आहे. तीही उडाली असती असे नाही. पण यंत्रांची घडण आपण गुप्ततेसाठी सांगत नाही, अज्ञानामुळे नव्हे, असा खुलासा भोज करतो. त्या खुलाशावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न वेगळा. येथे काही सांगावयाचे राहिले आहे, याची जाणीव त्यात आहे, आणि तीच 'वैमानिकशास्त्रा'च्या सुमारे तीन हजार श्लोकांत शोधूनही सापडत नाही. भोजाचा अध्याय मराठीत सटीप आणण्यासारखा आहे. 'वैमानिकशास्त्रा'वर खर्च होणारे श्रम तिकडे वळले तर बरे.