सहा आकडे आणि एक नाव

येशूसंघाच्या शाळांसाठी ‘रातिओ स्तुदिओरुम’ ही नियमावली संघप्रमुख क्लावदियो आक्वाविवा यांच्या कारकीर्दीत १५९९ साली लागू झाली. नियमांचे पुस्तक म्हणजे कोरडे वाचन, अशा समजुतीने सेमिनरीत असताना मी ते चाळून बाजूला ठेवले होते. अलीकडे पुन्हा वाचताना मात्र दोन नियमांपाशी अडखळलो.

पहिला शिक्षेविषयीचा. शिक्षकाने शिक्षेची घाई करू नये, दोष उकरून काढू नयेत, शक्य तेथे काणाडोळा करावा. त्याने हात तर उगारू नयेच, अपशब्दही उच्चारू नये. आणि विद्यार्थ्याला त्याच्या नावाने वा आडनावानेच हाक मारावी, अन्य कशानेही नाही. छडीवाचून विद्या नाही असे मानणाऱ्या काळात हे लिहिले गेले, हे विसरता येत नाही. छडी मात्र शाळेबाहेर गेली नाही. ती चालविण्यासाठी संघाचा सदस्य नसलेला एक ‘कोरेक्तोर’ नेमावा, अशी तरतूद आहे. गुरूचे हात स्वच्छ राहिले, पाठ पोराचीच! ही पळवाट होती, असे मला स्पष्ट वाटते.

दुसरा नियम यादीचा. शिक्षकाने मुलांची वर्णानुक्रमे यादी करून प्रत्येकाची प्रत नोंदवावी: उत्तम, चांगला, मध्यम, संशयित, त्याच वर्गात ठेवण्याजोगा, काढून टाकण्याजोगा. शब्दांऐवजी १ ते ६ हे आकडेही चालतील. आपल्या प्रगतिपुस्तकाचा हा एक पूर्वज. यादी अभ्यासप्रमुखाच्या हाती द्यायची होती, हे खरे. परंतु त्याच वर्गांत मुलांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जोड्या लावून एकाची चूक दुसऱ्याने पकडण्याची चढाओढही चाले. अशा ठिकाणी आकडा यादीत राहत नाही. तो मुलाला चिकटतो आणि त्याचे दुसरे नाव होऊन बसतो. पहिल्या नियमाने जे निषिद्ध ठरविले, तेच दुसऱ्याने मागील दाराने आत आणले. नियमकर्त्यांना ही विसंगती जाणवलेली दिसत नाही.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. तरी दहावीच्या निकालानंतर पालक पेढे घेऊन मिशन-घरी येतात, तेव्हा मुलगा दाराशी उभा असतो. गेल्या वर्षी अशाच एकाला मी नाव विचारले. उत्तर आईने दिले, टक्क्यांत. मीही ‘छान’ म्हणून पेढा घेतला. नाव विचारायचे राहूनच गेले.