मेल्क नळीत थांबतं, पण पेशीला त्याने काय फरक पडतो?

गेल्या रविवारी खारबावला घरी होते. शेजारचा एक मुलगा एम.एस्सी. करतोय आणि पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी चाललीये. त्याने संशोधन प्रस्ताव वाचायला दिला. कल्पना अशी: मेल्क नावाचं रिकॉम्बिनंट मानवी प्रथिन विकत आणायचं, त्यावर सात-आठ वनस्पतींचे अर्क तपासायचे, आणि जो अर्क त्याचं काम थांबवेल तो 'कर्करोगविरोधी' म्हणायचा. भाषा नीटनेटकी, संदर्भ भरपूर. पण एकही संदर्भ २०१४ नंतरचा नाही, आणि मला तिथेच ठेच लागली.

आधी प्रथिनाविषयी. मेल्क हे कायनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं विकर. विभाजन पावणाऱ्या पेशींत ते भरपूर असतं, त्यामुळे अनेक गाठींतही. रिकॉम्बिनंट म्हणजे मानवी जनुक जिवाणूत किंवा कीटकाच्या पेशीत घालून बनवून घेतलेलं. पूर्ण मेल्क ६५१ अमिनो आम्लांचं. विकतच्या कुपीत पुष्कळदा फक्त कायनेजचा तुकडा असतो. कुपी घेण्याआधी माहितीपत्रक वाचा, त्यात हे लिहिलेलं असतं. आम्ही सगळेच ते नंतर वाचतो!

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या दाना-फार्बर संस्थेच्या गटाने 'ईलाइफ'मध्ये मांडलं की बेसल प्रकारच्या स्तनकर्करोगाच्या पेशींना विभाजन पुढे नेण्यासाठी मेल्क लागतंच. त्याआधीच ओटीएसएसपी१६७ नावाचा रेणू तयार झाला होता. शुद्ध मेल्कचं काम निम्म्यावर आणायला त्याची ०.४१ नॅनोमोलर मात्रा पुरते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. कर्करोगाच्या पेशी त्याने मरतात हेही दिसलं. प्रथिन थांबतं, पेशी मरते, तर पेशी प्रथिन थांबल्यामुळेच मेली असणार. हे औषध रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं.

२०१७ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरमधल्या जेसन शेल्टझर यांच्या गटाने क्रिस्पर वापरून पेशींतून मेल्कचं जनुकच निकामी केलं. पेशी आरामात वाढत राहिल्या. मग त्याच मेल्क नसलेल्या पेशींना औषध दिलं, तर त्या मेल्या! ज्याच्यावर औषध चालतं म्हणतात ते प्रथिन तिथे नाहीच, तरी पेशी मरते. म्हणजे औषध मारत होतं दुसरंच काहीतरी थांबवून. या कामात पुढे असलेले दोघे तेव्हा पदवीचे विद्यार्थी होते, हे 'आमची पातळी कुठे' म्हणणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.

यावर एक रास्त शंका येते. जनुक कायमचं काढलं की पेशी हळूहळू दुसरी वाट शोधते, मग ती वाढली यात नवल काय? म्हणूनच मला त्याच वर्षीचा दुसरा लेख जास्त महत्त्वाचा वाटतो. तो दाना-फार्बरमधूनच आला. त्यांनी जास्त नेमका रेणू बनवला, वेगवेगळ्या मार्गांनी मेल्क कमी केलं, आणि लिहिलं की या पेशींच्या वाढीला मेल्क आवश्यक नाही. आपल्याच संस्थेतून तीन वर्षांपूर्वी आलेला निष्कर्ष त्याच नियतकालिकात खोडायला धाडस लागतं. पुढे २०१८ मध्ये शेल्टझर यांच्या गटाने दाखवलं की गाठीतलं मेल्क ती गाठ किती वेगाने विभाजित होतेय याच्याशी जुळतं, पण वाढीसाठी ते लागत नाही. लग्नघरात मंडप दिसतो म्हणून मंडपामुळे लग्न ठरलं असं कुणी म्हणत नाही, तसंच हे.

मग रिकॉम्बिनंट प्रथिन निरुपयोगी का? अजिबात नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधलं १४-३-३ प्रथिनांवरचं काम पाहा. मानवात या कुटुंबाची सात भावंडं आहेत, दिसायला सारखी. पेशीविभाजनाची चावी फिरवणाऱ्या सीडीसी२५सी या प्रथिनाला त्यांतलं कोण धरतं, हा प्रश्न. पण ते काम फक्त 'कोण कुणाला चिकटतं' एवढ्यावर थांबलं नाही. पेशीतलं १४-३-३ गॅमा कमी केलं की डीएनए बिघडल्यावर विभाजन रोखणारा पहारा ढिला पडतो, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. २०१६ मध्ये सेंट्रोसोमची संख्या वाढण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. नळीतला पुरावा आणि पेशीतला पुरावा शेजारी ठेवून वाचायची सवय यातून लागते.

शेजारच्या मुलाला मी अर्क काढून टाक म्हणाले नाही. एकच प्रयोग वाढव म्हटलं: जो अर्क नळीत चालेल तो मेल्क असलेल्या आणि मेल्क नसलेल्या, अशा दोन्ही पेशींवर टाक. दोन्ही सारख्याच मेल्या तर अर्क कदाचित कामाचा असेल, पण त्यात मेल्कचा काही हात नाही. तो म्हणाला, "ताई, मग शीर्षकातून मेल्क जाईल की!" मी म्हटलं, जाऊ दे. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. अजून शीर्षक तेच आहे, पण २०१७ चे दोन्ही लेख त्याने उतरवून घेतलेत.