कादंबरीतला माणूस मालिकेत हरवतो तेव्हा

रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली, दोनच वर्षांत तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९८७ साली ती दूरदर्शनवर मालिका होऊन घराघरांत पोहोचली. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई यांनी पेशवाईचं जे चित्र तेव्हा एका पिढीच्या मनात उभं केलं, ते अजून पुसलेलं नाही. पुढे खासगी वाहिन्या आल्या, पैसा आला, भव्य सेट आले, संगणकावर रचलेले किल्ले आले. तरीही अमरावती-अकोल्याकडच्या वाचत्या घरांत ऐतिहासिक मालिकेचा विषय निघाला की सूर नाराजीचाच लागतो. पोशाख चुकला, तारीख चुकली, नातं चुकलं अशी यादी होते. यादी खरी असते, पण दुखणं त्याहून खोल आहे. कादंबरीत जो माणूस भेटला होता तो मालिकेत भेटत नाही.

ही नाराजी वऱ्हाडातून यावी याला कारण आहे. 'स्वामी'चं दिग्दर्शन केलं गजानन जागीरदारांनी. त्यांचा जन्म १९०७ चा, अमरावतीचा. त्यांच्याच काळातले विश्राम बेडेकरही अमरावतीत जन्मलेले. नारायणरावांच्या खुनाचा न्याय करणाऱ्या रामशास्त्र्यांवर प्रभातने १९४४ साली चित्रपट काढला, त्याच्या दिग्दर्शनात राजा नेन्यांच्या बरोबरीने या दोघांचा हात होता. रमाबाई साकारणाऱ्या मृणाल देव या गो. नी. दांडेकरांच्या नात, आणि गोनीदा जन्मले ते परतवाड्याला, १९१६ साली. पेशवाई पडद्यावर आणण्याची जी रीत महाराष्ट्राला आपली वाटली, ती घडवण्यात या मातीतल्या माणसांचा वाटा मोठा आहे. तीच रीत आज मोडीत निघालेली पाहताना इथल्या प्रेक्षकाला अधिक लागतं ते त्यामुळेच.

'स्वामी' मालिकेत काय होतं? तांत्रिक बाबतीत ती आजच्या मालिकांपुढे अगदीच साधी. पण माधवराव नावाचा सोळा वर्षांचा मुलगा पानिपतानंतरच्या उद्ध्वस्त दौलतीच्या गादीवर बसतो, काकांशी भांडतो, काकांवर मायाही करतो, रागाच्या भरात कठोर होतो, क्षयाने झिजतो आणि १७७२ साली थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी संपतो, हा सगळा प्रवास एका माणसाचा वाटत होता. दिग्दर्शकाने माधवरावाला चुकण्याची, थकण्याची आणि गप्प बसण्याची मोकळीक दिली होती. दोन भागांमध्ये जाणारा वेळही कामी येत होता. पाहिलेलं मनात मुरायला सवड मिळत होती.

दैनंदिन मालिकेत ही सवड उरली नाही. अर्ध्या तासाचा भाग, त्यातली जेमतेम बावीस मिनिटं कथेची, आठवड्याला पाच-सहा भाग, आणि दर गुरुवारी येणारा टीआरपीचा आकडा. प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षकाला उद्यासाठी अडकवणारा धक्का हवा, म्हणून प्रसंग जिथे संपायचा तिथे संपत नाही आणि जिथे थांबू नये तिथे तोडला जातो. माधवराव स्नानसंध्येत फार रमू लागले तेव्हा रामशास्त्र्यांनी त्यांना कर्तव्याची आठवण करून दिली, ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. तिची ताकद थोडक्या शब्दांत आहे. शास्त्री बोलतात, पेशवा ऐकतो, खजील होतो. दैनंदिन मालिकेच्या साच्यात हाच प्रसंग गेला की दरबारातल्या प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा तीनतीनदा झेपावतो, मागे ढोल आणि आलाप वाजतात, दाराआड कुणीतरी ऐकत उभं असतं आणि शास्त्र्यांचं वाक्य दुसऱ्या दिवशीच्या भागात पुन्हा पहिल्यापासून येतं. खजील झालेला पेशवा या गलबल्यात दिसतच नाही.

'स्वामिनी' ही कलर्स मराठीवरची २०१९ ची मालिका रमाबाईंची. कल्पना सुंदर होती. रमाबाईंच्या डोळ्यांनी पेशवाई पाहणं हे 'स्वामी'नंतरचं पुढचं पाऊल ठरलं असतं. पण शनिवारवाडा बघता बघता सासू-सुनेच्या मालिकेचा वाडा झाला. गोपिकाबाईंसारखी, पानिपतावर मुलगा गमावलेली, राजकारण कळणारी बाई करड्या सासूच्या चौकटीत बसवली गेली. गोपिकाबाईंची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीत कमी काही नव्हतं. तिला दिलेलं काम लहान होतं.

दुसरं कारण भीतीचं आहे, आणि त्याबद्दल वाहिन्यांनाच दोष देऊन भागणार नाही. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ ची. तिच्यावर आधारलेला हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. झलक आली तेव्हा संभाजी महाराजांच्या लेझीम नृत्यावर एवढा गदारोळ झाला की ते दृश्य काढावं लागलं. प्रदर्शनानंतर गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांच्या चित्रणावर त्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला. त्याआधी २०१५ मध्ये ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर बेतलेल्या 'बाजीराव मस्तानी'त काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून वाद झाला. यातले काही आक्षेप रास्त होते. काशीबाईंचा पिंगा तर कादंबरीच्याही आत्म्याला धरून नव्हता. पण प्रत्येक दृश्याआधी आक्षेपाचा विचार करणाऱ्या लेखकाच्या हातून नायक निर्दोष होतो, खलनायक पूर्ण काळा होतो आणि मधली माणसं नाहीशी होतात. ऐतिहासिक कादंबरीचं सगळं बळ या मधल्या माणसांत असतं.

वऱ्हाडी प्रेक्षकाची एक तक्रार मात्र वेगळी आहे आणि तिच्याकडे पुण्या-मुंबईत कुणी लक्ष दिलेलं नाही. ती भाषेची. मालिकांमधली ऐतिहासिक मराठी कुठून आली? जुन्या संगीत नाटकातून, थोडी शाळेच्या पुस्तकातून, थोडी मागच्या मालिकेतून. सगळे सरदार एकाच ठसक्यात, एकाच लांबीची वाक्यं बोलतात. मराठीतलं पहिलं मोठं गद्य तर अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेलं आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली त्याची प्रत १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली. ते गद्य चटपटीत आहे. वाक्यं आखूड, बोलणं थेट, माणसं खातात-पितात, रुसतात, प्रश्न विचारतात. मध्ययुगातला मराठी माणूस कसा बोलत असेल याचा एवढा जिवंत पुरावा हाताशी असताना पटकथाकार पल्लेदार संवादांच्याच मागे लागतात. रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. ऐतिहासिक मालिकेच्या लेखकाने तिथे महिनाभर जाऊन बसायला हवं.

सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात. जिजाऊंचं माहेर ते. सोनी मराठीवर २०१९ मध्ये 'स्वराज्यजननी जिजामाता' सुरू झाली तेव्हा इकडच्या लोकांना वाटलं होतं, निदान जाधवांच्या वाड्यात तरी आपली बोली ऐकू येईल. लखुजीराव 'काहून' म्हणतील, एखादी दासी 'मले' म्हणेल. आलं काही नाही. वऱ्हाडी बोली दूरचित्रवाणीवर गाजली ती 'चला हवा येऊ द्या'तून, अमरावतीच्या भारत गणेशपुरेंच्या तोंडून. त्यांचं काम उत्तमच आहे. पण हसवायचं तेव्हा वऱ्हाडी आणि लढायचं तेव्हा पुणेरी, हा हिशेब इथल्या माणसाच्या मनाला बोचतो. उद्धव शेळक्यांनी १९६० मध्येच 'धग' लिहून दाखवून दिलं होतं की या बोलीत दुःखाचा केवढा भार पेलतो.

भूगोलाचंही तेच. शिवकालावरच्या प्रत्येक मालिकेत पुरंदरचा तह आणि मिर्झाराजे जयसिंग येतात. त्यांची म्हणून ओळखली जाणारी छत्री अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरला, मन आणि म्हैस नद्यांच्या काठावर आहे, ती मात्र कुणाला दाखवावीशी वाटत नाही. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने लुटलेलं श्रीमंत कारंजा संवादातलं एक नाव होऊन जातं. माधवराव आणि नागपूरकर जानोजी भोसले यांचा झगडा वऱ्हाड तुडवत झाला, १७६९ मध्ये कनकापूरच्या तहाने मिटला. त्या मोहिमांत इथल्या गावांनी काय सोसलं याला पुण्याहून सांगितलेल्या गोष्टीत जागा नसते. कादंबरीकारांनीही ती फारशी दिली नाही, हेही इथे नोंदवायला हवं.

मग कादंबरी दुसऱ्या माध्यमात नेताच येत नाही का? येते, आणि त्याचं उत्तम उदाहरण गोनीदांच्याच घरात आहे. त्यांनी कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांच्यासह स्वतःच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन सुरू केलं. पुढची पिढीही त्यात आली. समोर कागद, दोन-तीन आवाज, एवढंच. सेट नाही, तलवार नाही. तरी ऐकणाऱ्याला माची दिसते, पाऊस लागतो. कारण निवेदक जागेवर असतो. कादंबरीत प्रसंगाइतकंच महत्त्व प्रसंग सांगणाऱ्याला असतं: कुठे थांबायचं, कुणाकडे मायेने पाहायचं, कोणती गोष्ट न सांगता सोडायची हे तो ठरवतो. मालिका त्याला पहिल्याच दिवशी रजा देते आणि त्याच्या जागी पार्श्वसंगीत बसवते. जागीरदारांनी कॅमेऱ्याला निवेदकाचं काम दिलं होतं. तो पाहत होता, वाट बघत होता. 'स्वामी' लक्षात राहिली ती म्हणून.

गोनीदांच्या 'बया दार उघड'पासून 'हे तो श्रींची इच्छा'पर्यंतच्या पाच शिवकालीन कादंबऱ्यांमध्ये राजे मागे असतात आणि पुढे असतात ती साधी माणसं. मोजक्या भागांच्या मालिकेसाठी यापेक्षा चांगला ऐवज शोधून सापडणार नाही. शिवाय वऱ्हाडाची स्वतःची गोष्ट तशीच पडून आहे. गोनीदांच्या परतवाड्याला लागून असलेलं अचलपूर, तिथली १४९० ते १५७४ ची इमादशाही, १४८७ चा शिलालेख मिरवणारा नरनाळ्याचा महाकाली दरवाजा, बहमनींनी बांधलेला गाविलगड, १५९६ मध्ये चांदबिबीला मोगलांच्या हवाली करावं लागलेलं वऱ्हाड. यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ पासून उपलब्ध आहे, लीळाचरित्राची भाषा समोर आहे, या बोलीत वाढलेले नट अमरावती-अकोल्याच्या रंगमंचावर काम करत आहेत. एखाद्या वाहिनीने वीस-पंचवीस भागांत थांबायचं कबूल करून हे काम हाती घ्यावं, आणि पहिलं वाचन गोरेगावच्या सेटवर न करता अचलपुरात करावं.