वाचून वगळणं

इथे पवनारला धाम नदीकाठी बसून कर्नेलची गोष्ट काढतोय, नवल वाटेल. १९९२ साली हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी बजावलं, की ‘इफडेफ’ पेरत गेलात तर प्रोग्रॅम वाचता येणार नाही. बरोबरच आहे. पण मोठा धोका वेगळा: अट लागू नसली, की तो कोड कंपायलर तपासतच नाही, चूक दडून राहते. लिनक्सची नियमावली म्हणते, अटी हेडर फाइलीत न्या, तिथे रिकामं फंक्शन ठेवा. वाचन सुधारतं, पण अट मिटली नाही, हलली! म्हणून त्याच नियमावलीतला ‘इज एनेबल्ड’ मॅक्रो मला जास्त पटतो. तिथे कंपायलर नको असलेला भागही आधी तपासतो, मग गाळतो. न वाचता वगळणं आणि वाचून वगळणं, यांत फरक आहे ना?